बारीक माणसाची शुगर

"घरात कुणी जाड नाही, माझं वजन कधी पासष्टच्या वर गेलं नाही, गोड तर सणावारालाच. मग शुगर निघाली कशी?" नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा, हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणारा खोटं बोलत नसतो. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, शर्ट खांद्यावर लोंबतोय. फक्त खालच्या दोन बटणांपाशी तो ताणला गेलाय. पेशंट आणि त्याच्याबरोबर आलेला मेव्हणा, दोघांचंही त्या दोन बटणांकडं लक्ष जात नाही. काट्यावर आकडा बरोबर आला की आपलं समाधान होतं.

चरबीला आपण उगाच खलनायक करून ठेवलंय. शरीराला चरबी साठवायला जागा लागतेच. काही थोडी माणसं अशी जन्मतात की त्यांच्या अंगात चरबीपेशी जवळजवळ नसतातच. ती ठणठणीत राहतील असं वाटेल. पण होतं उलटं. त्यांना लहान वयात अतिशय कडक मधुमेह होतो, यकृत चरबीनं भरतं आणि इन्सुलिन कितीही टोचलं तरी कमीच पडतं. म्हणजे चरबी असणं हा घोटाळा नाही. ती ठेवायची जागा पुरेना झाली की घोटाळा सुरू होतो.

ही जागा म्हणजे चरबीपेशी. तिच्या आत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि पेशीचं बाकी सगळं सामान कडेला चेपून बसलेलं असतं. मोठ्या माणसात या पेशींची संख्या फारशी हलत नाही. २००८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी ते एका अफलातून युक्तीनं दाखवून दिलं. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळं एके काळी हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरलाय, हे मोजून त्यांनी पेशींचं वय काढलं. वर्षाकाठी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, असा हिशेब निघाला. मोठेपणी पोट सुटतं ते मुख्यतः असलेल्या पेशी फुगून. वजन उतरलं की त्या आकसतात, पण जागच्या जातात कुठं? म्हणून तर उतरलेलं वजन परत चढायला वेळ लागत नाही.

फुगण्यालाही मर्यादा आहे. रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच पोचतो. पेशी त्याहून मोठी झाली की तिचा जीव गुदमरायला लागतो. काही पेशी फुटतात, मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मेलेल्या पेशीभोवती संरक्षक पेशींनी कडं केलेलं दिसतं. या संरक्षक पेशी जी रसायनं सोडतात त्यातलं एक, टीएनएफ-अल्फा, इन्सुलिनचा निरोप मध्येच अडवतं. १९९३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ते पुढं आलं. चरबीपेशी एरवी ॲडिपोनेक्टिन नावाचं एक चांगलं संप्रेरकही बनवतात. त्यानं स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकतात. फुगलेल्या पेशी तेही कमी करतात.

सगळ्यात मोठा घोळ पुढं आहे. "चरबी कुलपात ठेव, बाहेर सोडू नको," हे चरबीपेशीला सांगणं इन्सुलिनचं एक काम. फुगलेली पेशी ते ऐकत नाही आणि तिच्यातून स्निग्धाम्लं रात्रंदिवस रक्तात झिरपत राहतात. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या आडत बाजारात गोदामं भरली की पोत्यांची थप्पी रस्त्यावर येते, तसा हा माल मग मिळेल तिथं पडतो: यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात. स्नायूत साचलेली चरबी इन्सुलिनचा निरोप आत पोचू देत नाही. साखर आत घेणारी दारं उघडत नाहीत आणि साखर रक्तातच फिरत राहते. यकृताचं तर तंत्रच बिघडतं. साखर सोडणं थांबवावं तेव्हाही ते सोडतच राहतं. "रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, तरी सकाळची उपाशीपोटी शुगर एकशे तीस!" असं म्हणून जो माणूस लॅबवाल्यावर संशय घेतो, त्यानं लॅबवाल्याला सोडावं. ती साखर रात्री त्याच्याच यकृतानं तयार केलेली असते.

स्वादुपिंड बिचारं अनेक वर्षं जादा इन्सुलिन तयार करून हे निभावून नेतं. तेवढी वर्षं रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. शुगर निघते त्या दिवशी दुखणं सुरू झालेलं नसतं. ते लपून राहायचं संपलेलं असतं, एवढंच.

एक उलटा पुरावा सांगतो. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची जुनी गोळी आहे. तिनं त्वचेखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार होतात. माणसाचं वजन चार-दोन किलो वाढतं आणि शुगर मात्र उतरते! जागा वाढली, यकृतातला माल परत जागेवर गेला. गोळीला तिची दुखणी आहेत, अंगाला सूज येते, हृदय कमजोर असेल तर ती चालत नाही. तेव्हा हे वाचून कुणी मेडिकलवर जाऊन मागू नये.

आता आपल्या काटकुळ्या माणसाकडं येऊ. त्याचा शोध पुण्यात लागला. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. मशीनवर चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावर भाऊ-भाऊ, आतून दोन वेगळी माणसं. त्याआधी याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास राखलेली. जगभरच्या डॉक्टरांत हा 'थिन-फॅट' भारतीय म्हणून ओळखला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर हाडकुळा, पण पोटाळ.

अमेरिकेतल्या डॅलसमध्ये २००७ साली दक्षिण आशियाई आणि गोऱ्या पुरुषांच्या त्वचेखालच्या चरबीपेशी मोजल्या गेल्या. आपल्याकडच्या पुरुषांच्या पेशी सरासरी दुपटीच्या आसपास मोठ्या निघाल्या. म्हणजे आपली कोठारं मुळातच भरत आलेली असतात. गोऱ्या माणसाला बरंच वजन वाढून जे होतं, ते आपल्याला थोडक्या किलोंत होतं.

मराठवाड्यानं यात स्वतःचीही भर घातली आहे, असं मला वाटतं. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढणाऱ्या बायांच्या पोटी जे जन्मले, ते आज पन्नाशी ओलांडून बसलेत. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या उपासमारीत आईच्या पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी भरली. पोटात असताना उपाशी आणि मोठेपणी मोटारसायकलवर, हा जोड वाईट. ज्यांच्या आईनं तो दुष्काळ पोटुशी असताना काढला, त्यांनी तरी 'मी बारीक आहे' या भरवशावर राहू नये.

करायचं काय, तर आधी काटा बाजूला ठेवून शिंप्याचा टेप घ्या. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीएमआयच्या हिशेबानं २८.६ टक्के भारतीय लठ्ठ ठरले, पण पोटाच्या घेरावरून मोजलं तर ३९.५ टक्के. मधली ती सगळी माणसं काट्यानं सोडून दिलेली.

माप घ्यायची रीत आहे. सकाळी, उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर. शर्ट वर, पोट उघडं. कुशीला बोटानं चाचपून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मधून टेप फिरवा. टेप जमिनीला समांतर हवा, मागं पाठीवर खाली घसरलेला नको. श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढणाऱ्यानं कुणाला फसवलं हे त्याचं त्यानं ठरवावं. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायांना ८० ही वरची हद्द. आणखी सोपं म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. पँटीच्या नंबरावर जाऊ नका. "माझा कॉलेजपासून चौतीसच," असं सांगणाऱ्याचा पट्टा दर वर्षी पोटाखाली एक बोट सरकत आलेला असतो. परकराच्या नाडीचा वळ म्हणजेही कंबर नव्हे.

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरून घेतात, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना आहे. पुष्कळ घरांत अंदाजे आकडा सांगून त्यांना वाटेला लावलं जातं. बसवून माप घ्यायला सांगा. बीपी-शुगरची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते.

टेपच्या जोडीला मान बघा. मानेच्या मागं आणि काखेत मखमलीसारखा जाड, काळपट पट्टा दिसतो का? पोरीची मान काळी पडली म्हणून आई तिला वजरीनं घासते, बेसन लावते. तो मळ नसतो. रक्तात जादा इन्सुलिन फिरतंय याची ती खूण असते आणि लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांतही ती दिसू शकते. ही पोरं दिवसभर खुर्चीत, रात्री जागून अभ्यास, आणि गावाहून आलेल्या डब्यात लाडू, शेव, फरसाण. आईची माया आहे, तिला कोण नको म्हणणार? पण डब्यात भाजलेले शेंगदाणे-फुटाणे घालायला काय हरकत आहे?

रक्त तपासाल तर उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था. बायांच्या बाबतीत एक सावधगिरी: अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटाच चढा दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही करून घ्यावं. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या, बायांत ५० च्या खाली, ही जोडगोळी दिसली की पेशी फुगल्यात असं धरून चाला. आणि सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' आलं की "सगळ्यांनाच असतं, काही नाही" असं म्हणून कागद घडी घालून ठेवू नका. गोदामाबाहेर पडलेल्या मालाची ती पहिली पावती आहे.

दिलासा एवढाच की बारीक माणसाला फार उतरवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर म्हणतात की चरबी पेलायची प्रत्येकाची हद्द वेगळी असते. त्यांनी वजन 'नॉर्मल' किंवा त्याच्या जरासं वर असलेल्या वीस मधुमेहींचं वजन टप्प्याटप्प्यानं उतरवलं. साधारण साडेसहा टक्के वजन उतरल्यावर त्यातल्या चौदा जणांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात आली. चौसष्ट किलोच्या माणसाला हे चार किलो झाले. मधुमेह नवा असेल तेव्हाच हे सहसा जमतं. पंधरा वर्षं जुन्या शुगरवाल्यानं एवढी आशा धरू नये. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या माणसांना नुसतं चालायला आणि जपून खायला लावलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीनंही जवळपास तेवढाच फरक पडला.

अडचण वेगळीच येते. चार किलो उतरले की सोयरेधायरे विचारायला लागतात, "काय रे, वाळून चाललास? शुगरनं खाल्लं वाटतं?" घरची धास्तावतात आणि तूप वाढतात. याला उत्तर टेपच्या आकड्यानं द्यावं. मात्र काही न करता वजन घटत असेल, तहान-लघवी वाढली असेल, खोकला हटत नसेल, तर ते उतरणं चांगलं नव्हे. तेव्हा थेट डॉक्टर गाठा. शुगर फार वाढलेली असू शकते, क्षयही असू शकतो.

खाण्याचं बोलू. "आम्ही ज्वारी खातो, आम्हाला काय होणार!" हा मराठवाड्याचा लाडका गैरसमज. ज्वारी चांगलीच, गव्हा-तांदळापेक्षा सावकाश पचते. पण इकडच्या हाताची एक भाकरी सत्तर-ऐंशी ग्रॅम पिठाची सहज असते, म्हणजे पन्नासेक ग्रॅम पिष्ट. दिवसभर औत हाकणाऱ्या आजोबांना तीन भाकरी पचत होत्या. नातू त्याच तीन भाकरी खाऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसतो आणि बरोबरची आमटी अशी असते की ताटाचा तळ दिसावा. भाकरी बदलू नका, एक कमी करा. तिच्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडी, दही येऊ द्या. गंमत बघा, तुरीची डाळ लातूरहून देशभर जाते आणि आपल्याच ताटात ती पाण्यासारखी पातळ! वेळ अमावस्येच्या भज्जीत जेवढ्या शेंगा, डाळी आणि पालेभाज्या एका दिवशी पोटात जातात, त्याच्या निम्म्या तरी आठवड्याला जाव्यात.

सकाळचा सुशीला, संध्याकाळची भजी, वाटेत निलंगा राईस हे वर्ज्य करा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. पण तो नाश्ता झाला की जेवण नको, हे गणित तरी पाळावं. चहाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. दुकानात आलेल्या प्रत्येकाबरोबर घेतलेले पाच-सहा कप धरले तर दिवसाला पन्नास ग्रॅम साखर. 'गोड खात नाही' म्हणणाराच ही साखर पितो. गोडंतेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर जायला नको. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा पंधरा दिवसांत संपत असेल तर शेजाऱ्यांना दोष देता येणार नाही.

लातूरबद्दल लिहायचं आणि दीक्षित डाएटबद्दल नाही, असं कसं चालेल? डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांची ही पद्धत घराघरांत पोचली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर ती उभी आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. अधूनमधून चरणं बंद, चहातली साखर बंद, इन्सुलिनला विश्रांती. हजारो लोकांनी हे मनावर घेतलं आणि सुटलेली पोटं आत गेली, हे नाकारायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच की चरबीपेशी घड्याळ बघत नाही, दिवसअखेरचा हिशेब बघते. दोन जेवणांत चार जेवणांचं भरून काढलं तर ती आकसणार नाही. पंचावन्न मिनिटं मिळाली म्हणून पंगतीला बसल्यासारखं जेवणारे मी पाहिलेत. दोनदा खा की तीनदा, तुम्हाला वर्षानुवर्षं जे जमेल ते. संध्याकाळी सातच्या आत जेवण उरकणं बऱ्याच घरांत जमतं आणि त्यानं रात्रीचं चरणं आपोआप सुटतं.

चालण्याइतकेच महत्त्वाचे आहेत स्नायू. आपल्याकडं जन्मापासून तेच कमी. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. म्हणून जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाला, अंगणात, गच्चीवर, कुठंही. मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस अंशांत बाहेर पडायला कुणी सांगत नाही. घरातच जिना चढउतार करा. शिवाय एक दिवसाआड बैठका आणि जोर काढा. तालमीत जायची गरज नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, मग थांबून पुन्हा दहा. वजन उतरवायची नवी इंजेक्शनंही आता मिळतात. काटकुळ्या माणसानं ती घेताना डॉक्टरांना स्नायूंबद्दल आवर्जून विचारावं, कारण चरबीबरोबर तेही झिजतात.

ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी यातलं काहीही एकदम सुरू करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण कमी केलं तर शुगर धाडकन खाली येते: घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि मग डॉक्टरांना फोन करा. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात. कडक उपवासात किंवा उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं असताना त्या अंगावर येऊ शकतात. नवरात्राचे नऊ दिवस करणार असाल किंवा रमजानचे रोजे धरणार असाल, तर पंधरा दिवस आधीच डॉक्टरांकडं जा, आणि जाताना "ती पांढरी लांबट गोळी" असं वर्णन घेऊन न जाता पाकिटं घेऊन जा. एकाच गोळीत हल्ली दोन-तीन औषधं असतात. कुठली कमी करायची आणि कुठली थांबवायची हे पाकिटावरची नावं वाचूनच ठरवता येतं.